पायमॉल अपडेट केलं आणि प्लगइन गेले

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.फार्म.चा प्रकल्प चालू आहे. विभागात एकच बरा कॉम्प्युटर, त्यावर पायमॉल, म्हणजे प्रथिनांसारख्या रेणूंची त्रिमितीय रचना दाखवणारा प्रोग्राम. दिवाळीच्या सुट्टीत कोणीतरी नवी आवृत्ती टाकली. आता डॉकिंगचं (औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल ते आजमावणारं) प्लगइन, म्हणजे पायमॉलला जोडायचा छोटा प्रोग्राम, मेनूत दिसत नाही. इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं (प्रथिनाच्या पृष्ठभागावरचा विद्युत विभव रंगांत दाखवणारं) दिसतं, पण 'रन' दाबलं की एरर येते. सीनियर म्हणतात, सगळं काढून पुन्हा टाक. काढू का? आणि एकदा नीट झालं की प्लगइन सांभाळायचे कसे?

काढू नका. निदान एरर नीट वाचून होईपर्यंत तरी नाही. बारा-तेरा वर्षं मी एका संशोधन संस्थेत प्रथिनांच्या रचनांवर काम करणाऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते आहे. 'काढून पुन्हा टाक' या सल्ल्याने जितका वेळ वाया गेलेला पाहिला, तितका व्हायरसनेही घालवला नसेल. त्याचं कारण साधं आहे. तुम्ही पायमॉल काढता तेव्हा पायमॉल जातं, प्लगइन जात नाहीत. ते तुमच्या होम फोल्डरमध्ये असतात: टिंबाने सुरू होणाऱ्या 'पायमॉल' नावाच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या 'स्टार्टअप' नावाच्या उपफोल्डरमध्ये. टिंबाने सुरू होणारी नावं लिनक्स आणि मॅकवर लपलेली असतात, म्हणून ती कोणाला दिसत नाहीत. शेजारीच 'पायमॉलप्लगइन्सआरसी' नावाची, पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी फाइल असते, तीही टिंबानेच सुरू होणारी. कोणतं प्लगइन सुरुवातीलाच लोड करायचं, कुठल्या फोल्डरांत शोधायचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. म्हणजे तुम्ही पायमॉल दहा वेळा काढा आणि दहा वेळा टाका, प्रत्येक वेळी ते उठून तोच जुना संसार मांडणार आणि त्याच एरर देणार.

(आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिते आहे. टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये आणि लहान लिपीत.)

मग बिघडलं काय? प्लगइन पायमॉलच्या मेनूत दिसतं खरं, पण ते राहतं पायमॉलच्या पोटातल्या पायथनमध्ये. पोटभाडेकरूच म्हणा. मूळ भाडेकरूने घर बदललं की पोटभाडेकरूचा करार आपोआप चालू राहत नाही. तुमच्याकडे पायमॉलचा आकडा बदलला, पण त्याबरोबर आतला पायथन बदलला, नमपाय हे आकडेमोडीचं पायथन पॅकेज बदललं, खिडक्या काढणारं टूलकिट बदललं. तुमचं प्लगइन यांपैकी कशाच्या तरी भरवशावर होतं.

पायमॉलच्या बाबतीत हे जास्त होतं, त्याला इतिहास आहे. वॉरन डिलानो यांनी २००० साली पायमॉल लोकांपुढे आणलं, तेव्हा त्याच्या मेनूच्या खिडक्या टीके नावाच्या टूलकिटवर चालत. २००९ मध्ये डिलानो अकाली गेले, २०१० मध्ये श्रॉडिंगर कंपनीने पायमॉल घेतलं. २०१७ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि टीके जाऊन क्यूटी आलं. तिकडे पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला कायमचा थांबला. त्यामुळे २०१०च्या आसपास लिहिलेलं आणि नंतर कोणी हात न लावलेलं प्लगइन दोन्ही बाजूंनी अडकतं: त्याची भाषा जुनी आणि त्याची खिडकीही जुनी. मेनूत 'लेगसी प्लगइन्स' असा वेगळा कप्पा दिसतो, तो या जुन्या मंडळींसाठीच आहे. त्या कप्प्यात नाव दिसलं म्हणजे ते चालेलच असं मात्र नाही.

आता एरर वाचू. पायमॉल सुरू होताना वरच्या खिडकीत 'अनेबल टू इनिशियलाइझ प्लगइन' असं काही येतं, आणि आसपास दहा-पंधरा ओळींचा ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून कशी आली याची नोंद, असतो. विद्यार्थी स्क्रीनशॉट पाठवतात तो नेमका पहिल्या चार ओळींचा. कामाची ओळ ट्रेसबॅकच्या सगळ्यात शेवटी असते. ती एक ओळ मिळाली की बहुतेक वेळा निदान तिथेच होतं.

'नो मॉड्यूल नेम्ड टीकेइंटर' असं असेल आणि त्यातला पहिला टी मोठ्या लिपीत असेल, तर प्लगइन पायथन २ चं आहे. पायथन ३ मध्ये हेच नाव लहान टीने लिहितात. 'मिसिंग पॅरेंथेसिस इन कॉल टू प्रिंट' आलं तरी निदान तेच. अशा वेळी टी लहान करून पाहण्याचा मोह होतो. करून पाहा, पण मूळ फाइलची प्रत ठेवून. पन्नास-शंभर ओळींचं प्लगइन असेल तर पाच-सात दुरुस्त्यांत उठून चालायला लागतं. दोन हजार ओळींचं असेल तर तुमचा प्रकल्प राहील बाजूला आणि तुम्ही दुसऱ्याच्या कोडची डागडुजी करत बसाल. 'पीएमडब्ल्यू' सापडत नाही असं आलं, तर प्लगइन टीकेवरच्या एका जुन्या पॅकेजवर उभं आहे. ते पॅकेज पायथन ३ साठी मिळतं आणि पायमॉलच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामापुरता वेगळा ठेवलेला पायथन आणि त्याची पॅकेजं) टाकता येतं. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

'नमपायमध्ये फ्लोट नावाचा ॲट्रिब्यूट नाही' ही एरर अलीकडे फार दिसते. नमपायमधली 'फ्लोट', 'इंट' ही जुनी टोपणनावं डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२४ आवृत्तीत काढून टाकली गेली. प्लगइनच्या फाइलमध्ये 'एनपी डॉट फ्लोट' शोधून तिथे नुसतं 'फ्लोट' लिहिलं की काम होतं. दुरुस्ती दोन मिनिटांची, पण ओळ न वाचल्यामुळे लोक आठवडा घालवतात. 'डिस्टयूटिल्स' किंवा 'इम्प' सापडत नाही असं आलं, तर आतला पायथन ३.१२ किंवा त्यानंतरचा आहे. ऑक्टोबर २०२३ च्या त्या आवृत्तीतून ही दोन्ही मॉड्यूलं गेली. जुनी प्लगइन बाहेरचा प्रोग्राम कुठे आहे ते शोधायला डिस्टयूटिल्स वापरत, म्हणून ती ऐन मोक्याला पडतात.

आणि 'नमपाय कोअर मल्टिॲरे फेल्ड टू इम्पोर्ट' असं काही असेल किंवा 'नमपाय १ वर कंपाइल केलेलं मॉड्यूल नमपाय २ मध्ये चालणार नाही' असा लांबलचक इशारा असेल, तर प्लगइनच्या कोडला हात लावू नका. तिथे दोन पायथनांची सरमिसळ झालेली असते, किंवा जून २०२४ मध्ये आलेलं नमपाय २ कोणीतरी मध्येच घुसवलेलं असतं.

या सरमिसळीने मी स्वतः दोन दिवस घालवले आहेत. एका डॉकिंग पॅकेजच्या सूचनांमध्ये लिहिलं होतं म्हणून मी माझ्या लिनक्स खात्याच्या 'बॅशआरसी' फाइलमध्ये 'पायथनपाथ'ची, म्हणजे पायथनने पॅकेजं आधी कुठे शोधायची ते सांगणारी, एक ओळ घातली. पॅकेज चाललं, मी ओळ विसरले. पाच-सहा महिन्यांनी नवं पायमॉल टाकलं तर एकही प्लगइन उघडेना. काढलं, टाकलं, कोंडा (पॅकेजं आणि एन्व्हायर्नमेंट सांभाळणारा प्रोग्राम) मुळापासून टाकलं, शेवटी नवं खातं उघडलं. त्या नव्या खात्यात सगळं पहिल्या झटक्यात चाललं, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. नवं पायमॉल सुरू होताना त्या जुन्या पॅकेजचं नमपाय आधी उचलत होतं. ओळ पुसली, टर्मिनल बंद करून उघडलं, संपलं. तेव्हापासून माझ्याकडे कोणी प्लगइनचं रडगाणं घेऊन आलं की मी आधी पायमॉलच्या कमांड लाइनवर तीन गोष्टी छापायला लावते: 'सिस डॉट एक्झिक्युटेबल', 'सिस डॉट पाथ' आणि 'नमपाय डॉट' पुढे दुहेरी अंडरस्कोअरमधलं 'फाइल'. पायमॉलच्या त्या ओळीवर साधं पायथन चालतं, त्यामुळे वेगळं काही लागत नाही. तिन्ही उत्तरांत फोल्डरची वाट एकाच मुळापासून निघत असेल तर घर एक आहे. एक जरी वाट भलतीकडे जात असेल तर चोर सापडला.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे 'पिप इन्स्टॉल' (पायथनचं पॅकेज टाकण्याची आज्ञा) करताना जोडलेलं 'युजर'. त्याने पॅकेज होम फोल्डरमधल्या 'लोकल'मध्ये जातं, आणि त्याच पायथन आवृत्तीच्या तुमच्या प्रत्येक कोंडा एन्व्हायर्नमेंटला ते दिसू लागतं. एन्व्हायर्नमेंट वेगळी ठेवण्याचा सगळा उद्देशच त्यात बुडतो. 'पायथननोयूजरसाइट' हे व्हेरिएबल १ करून पायमॉल चालवून पाहा. एरर गेली तर दोषी कोण ते कळलं.

तुमच्या यंत्रावर मी असं करीन. आधी होममधलं ते पायमॉल फोल्डर आणि शेजारची आरसी फाइल यांची प्रत पेनड्राइव्हवर घेईन. मग टर्मिनलवरून पायमॉल 'वजा के' हा पर्याय देऊन सुरू करीन. त्याने आरसी फाइल आणि प्लगइन काहीच लोड होत नाही, नुसतं पायमॉल उघडतं. त्यात क्रॅम्बिन उघडायचं, पीडीबी या प्रथिनरचनांच्या संग्रहातला क्रमांक १सीआरएन. एवढंसं प्रथिन, ४६ अमिनो आम्लांचं. 'काउंट ॲटम्स' म्हटलं की ३२७ हा आकडा आला पाहिजे. ही फाइल मी प्रत्येक यंत्रावर आधीच उतरवून ठेवते, कारण संस्थेच्या प्रॉक्सीमुळे (इंटरनेट गाळून देणारा सर्व्हर) 'फेच', म्हणजे नेटवरून रचना उतरवणं, अडलं की लोक त्यालाही पायमॉलचा बिघाड समजतात. क्रॅम्बिन दिसलं, ३२७ आले, फिरवता आलं, तर पायमॉल निरोगी आहे. मग नेहमीसारखं उघडून प्लगइन मॅनेजरमध्ये जायचं, सगळ्यांपुढची 'सुरुवातीला लोड करा' ही खूण काढायची आणि एकेक परत लावत जायचं. पंधरा-वीस प्लगइन असतील तर निम्मी लावून पाहा, मग त्यांतली निम्मी. सेटिंग्जमध्ये 'व्हर्बोज' लावलंत तर प्रत्येक प्लगइन लोड व्हायला किती सेकंद लागले तेही छापलं जातं. पायमॉल उघडायला अर्धा मिनिट लागतंय अशी तक्रार असते, तिचं उत्तर बहुधा त्या यादीत मिळतं.

इलेक्ट्रोस्टॅटिक्सच्या प्लगइनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे एररपेक्षा मोठा धोका आहे. एपीबीएस प्लगइन, म्हणजे हेच इलेक्ट्रोस्टॅटिक्सचं, स्वतः गणित करत नाही. ते दोन बाहेरचे प्रोग्राम बोलावतं. पहिला पीडीबी२पीक्यूआर, जो हायड्रोजन लावतो आणि प्रत्येक अणूला भार आणि त्रिज्या देतो. दुसरा एपीबीएस, जो विद्युत विभव काढण्यासाठी पॉइसाँ-बोल्ट्झमान समीकरण सोडवतो. प्लगइनच्या खिडकीत तीन टप्पे दिसतात: रेणू तयार करणं, नकाशा काढणं, पृष्ठभागावर रंग चढवणं. पैसे मोजून घेतलेल्या पायमॉलमध्ये हे प्रोग्राम बरोबर येतात. मुक्त-स्रोत पायमॉलमध्ये ते तुम्ही वेगळे टाकायचे असतात. तुमच्याकडे सुट्टीत बहुतेक हेच झालं असावं: आधीचं पायमॉल लायसन्सवालं होतं, नवं कोंडातून आलेलं मुक्त-स्रोत. प्लगइन दोन्हींत आहे म्हणून मेनूत दिसतं, पण मागचे दोन कामगार गैरहजर. दोन्ही प्रोग्राम कोंडा-फोर्जवरून (कोंडाच्या पॅकेजांचा सार्वजनिक साठा) त्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका आणि प्लगइनच्या पर्यायांमध्ये त्यांच्या वाटा द्या. पीडीबी२पीक्यूआरच्या तिसऱ्या आवृत्तीत आज्ञेचं नाव शेवटी ३० जोडून आलं. प्लगइन जुन्या नावाने हाक मारत बसलं तर 'सापडत नाही' म्हणतं. तिथे पूर्ण वाट हाताने लिहिली की निकाल लागतो.

आता धोका. पहिल्या टप्प्यात भार कोणत्या फोर्स फील्डने (अणूंचे भार वगैरे ठरवणारा तक्ता) दिले, पार्स की अँबर, त्यावर नकाशा बदलतो. रंगांची मर्यादा वजा ५ ते अधिक ५, केटी प्रति इलेक्ट्रॉन-भार, अशी आधीपासून भरलेली असते. ती कोणी ३ केली असेल तर तेच प्रथिन जास्त लाल-निळं दिसेल. शिवाय पीडीबी२पीक्यूआरला तुमचं लिगँड, म्हणजे प्रथिनाला बांधलेला छोटा रेणू, आपणहून ओळखता येत नाही. त्याचे पॅरामीटर दिले नाहीत तर ते हिशोबातून वगळलं जातं. चित्र सुंदर येतं, लिगँडही जागेवर दिसतं, फक्त त्याचा भार कुठेच मोजलेला नसतो. अपडेटआधी काढलेलं एक चित्र आणि अपडेटनंतरचं दुसरं, अशी दोन चित्रं प्रबंधात शेजारी छापणार असाल तर दोन्ही एकाच आवृत्तीवर पुन्हा काढा. परीक्षकाने विचारलं नाही तरी काढा.

डॉकिंगच्या प्लगइनचं माझं मत कडू आहे. तुम्ही बहुधा व्हिडिओ पाहून ते पायमॉलमधून व्हिना हा डॉकिंगचा प्रोग्राम चालवणारं जुनं प्लगइन टाकलं असणार. आपल्याकडच्या निम्म्या फार्मसी कॉलेजांत तेच चालतं. ते त्याच्या काळात छान होतं, पण टीके आणि पायथन २ च्या जमान्यातलं आहे, आणि त्याला मागे रेणू तयार करणारं एमजीएलटूल्स लागतं, तेही पायथन २ चंच. त्याला जिवंत करण्यात अर्थ नाही. व्हिना टर्मिनलवरून चालवा, रेणू तयार करायला मीको हे पायथन ३ चं पॅकेज वापरा, आणि पायमॉल फक्त पाहायला ठेवा. रेणू कुठे बसवून पाहायचा त्या बॉक्सचं केंद्र आणि लांबी-रुंदी एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहावी लागते, पहिल्या दिवशी कंटाळा येतो. पण तीच फाइल तुमचा पुरावा होते. प्लगइनच्या खिडकीत माऊसने सरकवलेला बॉक्स दुसऱ्या दिवशी कोणाला आठवतो?

सांभाळायचे कसे, याला माझं एकच ठाम उत्तर आहे. चालू प्रकल्पाचं घर अपडेट करू नका, शेजारी नवं बांधा. मिनिफोर्ज हा कोंडाचा छोटा इन्स्टॉलर टाका. त्याने कोंडा-फोर्ज चॅनल आपोआप लागतो आणि चॅनलांची खिचडी होत नाही. 'बेस' एन्व्हायर्नमेंटमध्ये काही टाकू नका. प्रत्येक प्रकल्पाला एक एन्व्हायर्नमेंट, नावात महिना आणि वर्ष. त्यात पायथनची आणि पायमॉलची आवृत्ती आकड्यानिशी सांगून टाका. सगळं चाललं, क्रॅम्बिन उघडलं, की 'कोंडा एन्व्ह एक्स्पोर्ट' करून ती फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवा. चुकून काही बिघडलंच तर 'कोंडा लिस्ट'ला 'रिव्हिजन्स' जोडून मागचे टप्पे पाहता येतात आणि हव्या त्या टप्प्यावर परत जाता येतं. हे फार कमी लोकांना माहीत असतं. पिपने टाकलेल्या गोष्टी मात्र त्यात मोजल्या जात नाहीत.

इथे एक खाच आहे. एन्व्हायर्नमेंट कितीही वेगळ्या केल्या तरी होममधलं ते स्टार्टअप फोल्डर सगळ्यांना सामायिक असतं. नव्या घरात टाकलेलं प्लगइन जुन्या घरातही डोकावतं. म्हणून प्लगइन टाकताना पायमॉल 'कुठल्या फोल्डरमध्ये?' असं विचारतं तेव्हा डोळे मिटून ओके दाबू नका. त्या यादीत होममधलं फोल्डर असतं आणि पायमॉलच्या स्वतःच्या इन्स्टॉलेशनमधलं, म्हणजे साइट-पॅकेजेसमधल्या 'पीएमजी टीके'खालचं स्टार्टअपही असतं. दुसरं निवडलंत की प्लगइन त्या एन्व्हायर्नमेंटपुरतं राहतं, आणि एन्व्हायर्नमेंट पुसली की तेही जातं. सामायिक यंत्रावर दुसरं निवडायला लिहिण्याची परवानगी लागेल. ती नसणं हे चांगलंच लक्षण आहे. मग प्रत्येकाने आपापल्या होममध्ये मिनिफोर्ज टाकायचं.

सामायिक यंत्राचा विषय निघालाच आहे तर, एका कॉमन लॉगिनवर सगळा विभाग बसवू नका. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, अपडेटचा अधिकार एकालाच. विंडोजवर खात्याचं नाव रोमनमध्ये, एका शब्दात आणि मोकळी जागा न सोडता ठेवा. कौतुकाने मराठीत नाव ठेवलेलं एक खातं माझ्याकडे आलं होतं. त्यावर पायमॉल चालायचं, पण प्लगइनने बोलावलेला प्रत्येक बाहेरचा प्रोग्राम फोल्डरची वाट वाचतानाच अडखळायचा. विंडोजमध्ये नुसतं दिसणारं नाव बदलून भागत नाही, होम फोल्डर जुन्याच नावाचं राहतं. नवं खातंच उघडावं लागलं.

प्लगइनची मूळ झिप किंवा पायथन फाइल कायम जपून ठेवा. ज्या दुव्यावरून उतरवली तो दुवा दोन वर्षांनी असेलच असं नाही. विद्यार्थी पास होऊन गेला की त्याचं पान जातं, संस्था वेबसाइट बदलते. माझ्याकडे प्रत्येक प्रकल्पात एक साधी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात प्लगइनचं नाव, फाइल कुठून आणि कधी घेतली, आतला पायथन कुठला, मी हाताने काय बदललं आणि कोणत्या चित्रासाठी वापरलं, एवढंच. एक्सेल वगैरे करू नका, कोणी भरत नाही. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली प्लगइनची झिप थेट टाकू नका. प्लगइन म्हणजे पायमॉल उघडल्याबरोबर तुमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणारा पायथन प्रोग्राम. तो तुमच्या फाइली पुसू शकतो, कुठेही पाठवू शकतो. नोटपॅडमध्ये उघडून वर-खाली नजर टाकायला पाच मिनिटं लागतात. कोड मुद्दाम न वाचता येण्यासारखा केलेला दिसला की तिथेच थांबा.

कायमेराएक्स हा पायमॉलसारखाच प्रोग्राम वापरत असाल, किंवा या निमित्ताने वापरणार असाल, तर तिथली व्यवस्था जास्त शिस्तीची आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत ते तयार होतं आणि त्यातल्या प्लगइनना बंडल म्हणतात. ती टूलशेड नावाच्या एकाच दुकानातून येतात. 'टूलशेड लिस्ट', 'टूलशेड इन्स्टॉल', 'टूलशेड अनइन्स्टॉल' एवढ्या तीन आज्ञांत बरंच काम होतं, आणि बंडल कोणत्या आवृत्तीवर चालेल ते बंडलमध्येच लिहिलेलं असतं. त्यामुळे पायमॉलसारखं अर्धवट चालून तोंडघशी पाडणं इथे कमी. पण लोक एका गोष्टीने दचकतात: कायमेराएक्सची पुढची आवृत्ती टाकली की बंडलं दिसत नाहीत. ती हरवलेली नसतात, प्रत्येक आवृत्तीचं बंडलांचं फोल्डर वेगळं असतं, नव्यात पुन्हा टाकावी लागतात. आयसोल्डे या मॉडेल सुधारणाऱ्या बंडलाचं तर नातं फारच घट्ट आहे. मॉडेल हाताने ओढत दुरुस्त करताना ते मागे ओपनएमएम हा सिम्युलेशनचा प्रोग्राम चालवतं आणि प्रथिनाच्या साखळीतले कोन दाखवणारा रामचंद्रन आलेख त्याच क्षणी बदलताना दाखवतं. १९६३ मध्ये मद्रासला कागदावर मांडलेल्या त्या कोनांच्या नकाशावर ठिपका सरकताना पाहायला मला अजून मजा येते. त्याची आवृत्ती कायमेराएक्सच्या आवृत्तीशी जुळलेलीच लागते. म्हणून जुनं कायमेराएक्स लगेच काढू नका, दोन्ही शेजारी शेजारी सुखाने नांदतात. प्रॉक्सीमुळे टूलशेड उघडत नसेल तर बंडलची व्हील फाइल (इन्स्टॉल करायची फाइल) घरून उतरवून आणा आणि इन्स्टॉलच्या आज्ञेत नावाऐवजी त्या फाइलची वाट द्या.

व्हीएमडी या रेणू पाहण्याच्या आणखी एका प्रोग्रामबद्दल दोनच ओळी. त्याची प्लगइन टीसीएल भाषेत असतात. 'ऑटो पाथ'मध्ये आपलं फोल्डर जोडायचं आणि 'पॅकेज रिक्वायर' म्हणायचं, हे व्हीएमडीआरसी फाइलमध्ये लिहून ठेवलं की झालं. टीसीएल फारसं बदललेलं नाही, त्यामुळे तिथे दहा वर्षं जुनी प्लगइनही मुकाट चालतात.

पुढे सिम्युलेशनकडे, म्हणजे रेणूंच्या हालचालींच्या गणिताकडे, वळलात तर प्लूमेड भेटेल, आणि तिथे प्लगइन या शब्दाचा अर्थच बदलतो. ग्रोमॅक्स या सिम्युलेशन चालवणाऱ्या प्रोग्रामला प्लूमेड जोडण्याची रूढ पद्धत म्हणजे ग्रोमॅक्सच्या सोर्स कोडलाच 'प्लूमेड पॅच' चालवून ठिगळ लावायचं आणि मग कंपाइल करायचं. प्लूमेडची प्रत्येक आवृत्ती ग्रोमॅक्सच्या ठरावीक आवृत्त्यांनाच ठिगळ लावते. आधी ती यादी पाहायची, मग ग्रोमॅक्स उतरवायचं. उलट क्रमाने केलं की रात्र जाते. शिवाय प्लूमेडची सगळी मॉड्यूलं आपोआप चालू नसतात. उदाहरणार्थ, लिगँड बांधण्याच्या सिम्युलेशनसाठी लागणारं फनेल मॉड्यूल कॉन्फिगर करतानाच 'एनेबल मॉड्यूल्स' म्हणून मागावं लागतं. नाही मागितलं तर इनपुट फाइल बरोबर असूनही 'अशी कृती माहीत नाही' म्हणून प्लूमेड हात वर करतं, आणि लोक आपलं स्पेलिंग तपासत बसतात. क्लस्टरवर (जोडलेल्या अनेक यंत्रांवर) असाल तर 'मॉड्यूल अव्हेल' करून आधीच बांधलेलं काही आहे का ते बघा आणि जॉब स्क्रिप्टमध्ये आवृत्तीसकट नाव लिहून लोड करा. नुसतं नाव लिहिलंत तर प्रशासकाने डिफॉल्ट बदलल्या दिवशी तुमचा जॉब मुकाट्याने दुसऱ्याच आवृत्तीवर जाईल.

तर आज एवढंच करा. प्रत घ्या, 'वजा के'ने पायमॉल उघडा, क्रॅम्बिनचे ३२७ अणू मोजा. मग नेहमीसारखं उघडून एपीबीएसचं 'रन' दाबा आणि जी एरर येईल तिची शेवटची ओळ आणि 'सिस डॉट एक्झिक्युटेबल'चं उत्तर, दोन्ही मला कळवा. स्क्रीनशॉट नको, अक्षरं कॉपी करून पाठवा. आणि सुट्टीत अपडेट कोणी केलं ते शोधून ठेवा, रागवायला म्हणून नव्हे. आधीचं पायमॉल लायसन्सवालं होतं का आणि ती लायसन्स फाइल कुठे आहे, हे त्यालाच माहीत असणार.